हा शब्द इथे कशाला? कोडमधल्या कमेंट्स आणि पुण्यातलं महाभाष्य

आजचा भाग कमेंटबद्दल आहे. रीलखाली टाकतो ती कमेंट नाही, प्रोग्रॅमच्या आत लिहितो ती. जे कोडिंग करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅममध्ये काही ओळी अशा असतात, ज्या कॉम्प्युटर वाचतच नाही. उद्या तो प्रोग्रॅम जो माणूस उघडेल, त्याच्यासाठी त्या लिहिलेल्या असतात. १९५७ च्या फोरट्रानमध्येसुद्धा ही सोय होती. पंच कार्डच्या पहिल्या कॉलममध्ये सी हे अक्षर टाकलं, की कंपायलर ते कार्ड सोडून पुढे जायचा.

सोय आहे, पण तिथे लिहायचं काय? मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि रोज दुसऱ्यांचा कोड वाचतो. त्यात सगळ्यात जास्त दिसणारी कमेंट अशी असते: कोडच्या ओळीत काउंटमध्ये एक मिळवलेला असतो, आणि वर लिहिलेलं असतं, 'इथे काउंटमध्ये एक मिळवला आहे'. अरे बाबा, ते दिसतंय की! आपल्याकडची पुणेरी पाटी बघा. ती कधी 'हे फाटक आहे' असं सांगत नाही. तुम्ही इथे काय करायच्या विचारात आहात आणि ते का करू नये, हे ती सांगते.

तर उपयोगी कमेंट म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं उत्तर साधारण २,१०० वर्षं जुनं आहे. ते संस्कृतात आहे. आणि ज्या ग्रंथात ते आहे, त्याची आज जगभर वापरली जाणारी आवृत्ती तयार व्हायला सुरुवात झाली ती आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजमध्ये.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. 'नासाने संस्कृतला कॉम्प्युटरची सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा फॉरवर्ड तुम्हाला आला असेलच. झालं होतं ते एवढंच, की १९८५ मध्ये नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने एआय मॅगझिनमध्ये एक लेख लिहिला. शास्त्रीय संस्कृतमध्ये अर्थाची मांडणी कशी करतात आणि कॉम्प्युटरला ज्ञान कसं द्यावं, यांची त्यात तुलना होती. संस्कृतमध्ये कोणी प्रोग्रॅम लिहीत नाही. आजचा मुद्दाही तो नाही. मुद्दा असा, की फार आटोपशीर लिहिलेले नियम पुढच्या माणसाला कसे समजावून सांगायचे, याचा आपल्याकडे खूप जुना आणि खूप प्रामाणिक अनुभव आहे.

पाणिनीचा कोड

पाणिनीची अष्टाध्यायी म्हणजे सुमारे ४,००० सूत्रं. बरीचशी दोन-चार शब्दांची. सुरुवातीला ध्वनींची १४ ओळींची यादी, आणि त्या यादीतून बनवलेली शॉर्ट नावं. अच् म्हणजे सगळे स्वर. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ. यण् म्हणजे य, व, र, ल. आपण कोडच्या वरच्या भागात कॉन्स्टंट डिक्लेअर करतो ना, अगदी तसंच.

आता एक सूत्र घेऊ. त्यात फक्त तीन शब्द आहेत आणि अर्थ असा: पुढे अच् असेल तर इक्‌च्या जागी यण् येतो. शाळेत शिकलेला संधी आठवा. अति आणि अंत मिळून अत्यंत. प्रति आणि एक मिळून प्रत्येक. सु आणि आगत मिळून स्वागत. इ चा य झाला, उ चा व झाला. तीन शब्दांत सगळं काम.

पण एवढं कमी लिहिलं की वाचणाऱ्याचे हाल होतात. पाणिनीनंतर कात्यायनाने सूत्रांवर छोट्या टिपा लिहिल्या, त्यांना वार्त्तिकं म्हणतात. जे सांगितलंय, जे सांगायचं राहिलंय आणि जे नीट सांगितलं गेलं नाहीये, या तिन्हींचा विचार म्हणजे वार्त्तिक, अशी परंपरेने केलेली व्याख्या आहे. कोड रिव्ह्यूची यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही. मग इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात पतंजली आला. त्याने सूत्रं आणि वार्त्तिकं दोन्ही समोर ठेवून प्रश्नोत्तरांच्या ढंगात मोठा ग्रंथ रचला. तो म्हणजे महाभाष्य. त्याचे ८५ भाग आहेत आणि प्रत्येक भागाला आह्निक म्हणतात, म्हणजे एका दिवसाचा धडा.

सुटे शब्द म्हणजे स्पष्टीकरण नव्हे

महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात एक प्रश्न येतो: सूत्राचं स्पष्टीकरण, म्हणजे व्याख्यान, कशाला म्हणायचं? कोणीतरी म्हणतं, सूत्रातले शब्द सुटे करून दाखवले की झालं. त्यावर उत्तर येतं की नाही, नुसते सुटे केलेले शब्द म्हणजे व्याख्यान नव्हे. तीन गोष्टी एकत्र आल्या तर ते व्याख्यान: उदाहरण, प्रत्युदाहरण, आणि सूत्रात न लिहिलेले पण गृहीत धरलेले शब्द भरून देणं, म्हणजे अध्याहार.

'काउंटमध्ये एक मिळवला आहे' ही कमेंट म्हणजे ते सुटे केलेले शब्द. आता आपलं तीन शब्दांचं सूत्र या तीन कसोट्यांवर लावून बघू.

उदाहरण सोपं आहे: अत्यंत, प्रत्येक, स्वागत.

प्रत्युदाहरण ही खरी गंमत आहे. नंतरच्या टीकाकारांनी तर याचा साचाच करून टाकला. सूत्रातला एकेक शब्द उचलायचा आणि विचारायचं, हा शब्द इथे कशाला? 'पुढे अच् असेल तर' असं का म्हटलं? ते काढून टाकलं तर प्रति आणि दिन मिळून 'प्रत्य्दिन' होईल! आपण तर प्रतिदिन म्हणतो. म्हणजे ती अट कशासाठी आहे, हे ती नसती तर काय बिघडलं असतं यावरून कळतं.

अध्याहार म्हणजे बाकीचं भरणं. हे शब्द जोडून उच्चारले तरच नियम लागू होतो, हे या तीन शब्दांत कुठेच नाही. ते काही सूत्रं आधी सांगितलंय आणि तिथून खाली वाहत आलंय. त्याला अनुवृत्ती म्हणतात. आणि रवि अधिक इंद्र याचं 'रव्यिंद्र' न होता रवींद्र होतं, कारण थोडं पुढे एक दुसरा नियम बसलाय जो या नियमाला अडवतो. ही एकच ओळ वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

हे आपल्या कामात कसं दिसतं ते सांगतो. मी काम केलेल्या एका प्रोजेक्टमध्ये पेमेंटच्या कोडमध्ये पाच सेकंद थांबायची एक ओळ होती. शेजारी कमेंट: 'हे काढू नका'. का, ते नाही. लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारायचं, ही पाच सेकंदं कशाला? आणि कोणाकडेच उत्तर नसायचं. त्या जागी असं लिहिलेलं असतं तर? 'ही पाच सेकंदं काढली, तर बँकेचं उत्तर यायच्या आत दुसरी रिक्वेस्ट जाते आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात.' हे झालं प्रत्युदाहरण. एका वाक्यात काम झालं असतं.

त्याच चर्चेत पतंजलीने दुसरी बाजूही लावून धरलीय. शेवटी प्रमाण सूत्रच. सूत्राला सोडून कोणी काही सांगू लागला तर ते मानलं जाणार नाही. आपल्याकडे कोड बदलतो आणि वरची कमेंट जुनीच राहते, तेव्हा हेच होतं. कमेंट म्हणते तीन वेळा प्रयत्न करा, कोड करतो पाच वेळा. अशा वेळी कोडच खरा, आणि ती कमेंट कोणाला तरी चकवायला तिथे बसलेली असते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. कात्यायनाची वार्त्तिकं साधारण १,२५० सूत्रांवर आहेत आणि पतंजली साधारण १,७०० सूत्रांवर बोलतो. म्हणजे निम्म्याहून जास्त सूत्रांवर या दोघांनी काहीच लिहिलेलं नाही. जिथे शंका येते तिथेच ते थांबले.

शेवटची दोन अक्षरं

आता तुम्ही हेडफोन लावून ऐकत असाल तर जरा तोंड हलवा. आधी इ म्हणा, मग ई म्हणा. तोंडाचा आकार जवळजवळ तोच राहतो, फक्त वेळ वाढतो. आता अ म्हणा आणि मग आ. तोंड उघडलं ना? म्हणजे अ आणि आ ही इ-ई सारखी सरळ जोडी नाही.

पाणिनीला मात्र नियम लिहिताना अ आणि आ यांना एकाच गटात धरायचं होतं, नाहीतर प्रत्येक नियम दोनदा लिहावा लागला असता. म्हणून पूर्ण ग्रंथभर त्याने असं मानलं, की अ चा उच्चारही उघड्या तोंडाने होतो. आणि ४,००० सूत्रांच्या शेवटी, अगदी शेवटच्या सूत्रात, ते गृहीतक परत काढून घेतलं. ते सूत्र कसं आहे माहितीये? अ हे अक्षर दोनदा. बास. पहिला अ म्हणजे ग्रंथातला, दुसरा म्हणजे आपण खरोखर बोलतो तो.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला फ्लॅग ऑन केला, शेवटी ऑफ केला, झालं. पण नुसती ती दोन अक्षरं वाचून कोणाला कळणार? त्याचं कारण कात्यायनाने नोंदवलंय ते थेट पहिल्या ध्वनिसूत्रापाशी: आ लाही त्यात पकडता यावं म्हणून अ इथे उघडा मानलाय. म्हणजे फ्लॅग जिथे लागला तिथेच कारण लिहिलं. माझ्या मते कमेंट कुठे लिहावी याचाही हा धडा आहे.

पुण्यातला 'ब्लेम'

१८६६ साली फ्रान्झ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. कॉलेजचं मूळ म्हणजे १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा. १८६८ पासून कॉलेज येरवड्याच्या आजच्या इमारतीत आहे, आपल्या आयटी पार्कांच्या शेजारातच म्हणा ना! कीलहॉर्न इथल्या शास्त्र्यांच्या सहवासात व्याकरणाची चालत आलेली परंपरा शिकले, आणि मग त्यांनी महाभाष्य हातात घेतलं.

अडचण काय होती? हस्तलिखितांमध्ये सगळं सलग लिहिलेलं. कात्यायनाची वार्त्तिकं महाभाष्याच्या पोटातच विरघळलेली. कोणती ओळ कात्यायनाची आणि कोणती पतंजलीची, हे वेगळं दाखवलेलं नव्हतं. त्यात महाभाष्य हा संवाद. एक जण शंका काढतो, दुसरा अर्धवट उत्तर देतो, तिसरा ते उत्तर खोडतो, आणि निर्णय नंतर कधीतरी येतो. एखाद्या मोठ्या पुल रिक्वेस्टवरची सगळी चर्चा, नावं पुसून, एका परिच्छेदात चिकटवली तर कसं दिसेल, तसं.

याचा फटका कात्यायनाला बसला. १८६१ मध्ये थिओडोर गोल्डस्टुकर या विद्वानाने त्याला पाणिनीचा विरोधक ठरवलं. कात्यायन दोष काढणारा आणि पतंजली पाणिनीची बाजू घेणारा, असं चित्र तयार झालं. कीलहॉर्ननी १८७६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहून ते तपासलं. त्यांच्या लक्षात आलेली खूण साधी होती: पतंजली आधी वार्त्तिक देतो आणि मग तेच स्वतःच्या शब्दांत उलगडून सांगतो. म्हणजे आखूड ओळ आणि लगेच तिचा विस्तार दिसला, की आखूड ओळ बहुधा कात्यायनाची. अशी ओळन् ओळ वेगळी केल्यावर दिसलं, की कात्यायन नुसता चुका काढत नाहीये. तो प्रत्येक शंका तपासतो, जिथे पाणिनी बरोबर आहे तिथे तसं दाखवतो, जिथे कमी आहे तिथे भर घालतो. आणि पाणिनीचा एखादा शब्द किंवा सूत्र अनावश्यक ठरवायला पतंजलीही मागेपुढे बघत नाही.

गिट वापरणाऱ्यांना 'ब्लेम' ही कमांड माहीत असेल. कोणती ओळ कोणी लिहिली ते ती दाखवते. कीलहॉर्ननी तेच काम हाताने केलं, आणि इथे तर ज्याच्यावर ब्लेम होता तोच त्यातून सुटला! १८८० ते १८८५ या काळात त्यांची महाभाष्याची आवृत्ती तीन खंडांत छापून आली. त्यात वार्त्तिकं वेगळी काढून त्यांना क्रमांक दिलेत.

महाभाष्यातलं एक उदाहरण तर इतिहासाचा पुरावा ठरलं. नियम असा होता: एखादी गोष्ट बोलणाऱ्याने पाहिलेली नाही, पण लोकांना माहीत आहे आणि त्याच्या हयातीत घडल्यामुळे त्याला पाहता आली असती, तर भूतकाळाचं अमुक रूप वापरावं. पतंजलीने उदाहरण दिलं ते यवनाने साकेत नगरीला वेढा घातल्याचं. रा. गो. भांडारकरांनी १८७२ मध्ये इंडियन अँटिक्वेरीमध्ये दाखवून दिलं, की हे उदाहरण नियमात बसायचं असेल तर तो वेढा पतंजलीच्या आयुष्यातच पडलेला असला पाहिजे. अशा उदाहरणांवरून पतंजलीचा काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर आला. म्हणून टेस्टमध्ये 'एबीसी' आणि '१२३' टाकण्यापेक्षा खरं वाटेल असं उदाहरण टाका! कीलहॉर्ननंतर डेक्कन कॉलेजमधली ती प्राध्यापकाची जागा भांडारकरांकडे आली.

कमेंटवर कमेंट

महाभाष्यावर अकराव्या शतकात काश्मीरच्या कैयटाने प्रदीप नावाची टीका लिहिली. त्या टीकेवर नागेशभट्टाने उद्द्योत लिहिला. हा नागेश म्हणजे काशीत राहणारा मराठी माणूस, आडनाव काळे. त्याच्या उद्द्योतावर त्याचा शिष्य वैद्यनाथ पायगुंडे याने छाया लिहिली. मोजा आता: सूत्र, वार्त्तिक, भाष्य, प्रदीप, उद्द्योत, छाया. सहा थर!

नागेशाने आणखी एक काम केलं. कोडमध्ये कुठेच स्पष्ट लिहिलेले नाहीत, पण माहीत नसतील तर कोड चालत नाही, असे शंभराहून जास्त संकेत गोळा करून त्याने परिभाषेन्दुशेखर लिहिला. आजच्या भाषेत रीडमी फाइल. त्यातला पहिलाच संकेत बघा. पाणिनीच्या ध्वनींच्या यादीत ण् ही खूण दोनदा आलीय, त्यामुळे काही नावं संदिग्ध होतात. मग नियम बाद करायचा का? उत्तर असं, की नाही. शंका आली म्हणून नियम टाकून देत नाहीत, व्याख्यान बघून ठरवतात. कीलहॉर्ननी हाही ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह १८६८ ते १८७४ मध्ये संपादित केला.

आपल्या क्षेत्रातही असं एक भाष्य आहे. १९७६-७७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा जवळपास ९,००० ओळींचा कोड आणि त्यावरची टीका विद्यार्थ्यांसाठी तयार केली. पुढे लायसन्समुळे ती शिकवता येईना, तेव्हा लोकांनी झेरॉक्स काढून काढून ती जपली. रीतसर पुस्तक आलं ते १९९६ मध्ये.

साखळी तुटते तेव्हा

हे सगळं आपोआप टिकलं असं समजू नका. एक काळ असा आला, की महाभाष्य शिकवणारी माणसंच उरली नाहीत आणि ते फक्त दक्षिणेत पोथीत शिल्लक राहिलं, असं भर्तृहरीच्या वाक्यपदीयात म्हटलंय. काश्मीरच्या राजतरंगिणीतही नोंद आहे, की आठव्या शतकात जयापीड राजाला बाहेरून पंडित आणून महाभाष्याचा खंडित अभ्यास पुन्हा सुरू करावा लागला. ग्रंथ शाबूत होता, पण 'हा शब्द इथे कशाला' हे सांगणारं कोणी नव्हतं.

पुण्यात ही साखळी मराठीपर्यंत आली. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी पूर्ण महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं. १९३८ पासून डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते छापायला घेतलं. शास्त्रीबुवा १९४२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी काम पुढे नेलं आणि १९५४ मध्ये सातवा, प्रस्तावनेचा खंड आला. याच काशिनाथरावांनी पुढे कीलहॉर्नच्या आवृत्तीची सुधारित आवृत्ती भांडारकर संस्थेसाठी तयार केली. म्हणजे वडिलांचं काम मुलाने पुरं केलं.

आपल्या कंपन्यांमध्ये तर माणूस दोन-तीन वर्षांत निघून जातो. त्यात आता एआय टूल्स आहेत. बटण दाबलं की प्रत्येक ओळीवर कमेंट तयार. ती बहुतेक वेळा सुटे केलेले शब्दच असतात, कारण टूलसमोर कोड असतो. ती पाच सेकंदं का ठेवली, त्या रात्री प्रॉडक्शनमध्ये काय झालं होतं, बँकेच्या माणसाने फोनवर काय सांगितलं होतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते आपल्यालाच माहीत असतं, आणि आपण नोकरी सोडली की ते आपल्याबरोबर जातं.

म्हणून मी सध्या माझ्या टीममध्ये रिव्ह्यू करताना चारच प्रश्न विचारतो. ही ओळ नसती तर काय बिघडलं असतं? यात कोणती गोष्ट गृहीत धरलीय, जी दुसऱ्याच फाइलमध्ये आहे? हा निर्णय झालाय, की अजून शंकाच आहे, आणि कोणाची? आणि कोड बदलला, तर कमेंटही बदलली का? चारही उत्तरं कोडमध्येच दिसत असतील, तर कमेंट नकोच. जागा रिकामी ठेवा. पतंजलीनेही निम्म्याहून जास्त सूत्रांवर ती रिकामीच ठेवलीय.

तुमच्या कोडमध्ये, किंवा तुमच्या ऑफिसच्या एक्सेल शीटमध्येसुद्धा, अशी कोणती ओळ आहे जिचं कारण फक्त एकाच माणसाला माहीत आहे? तो माणूस अजून शेजारी बसत असेल तर आजच विचारून घ्या आणि लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!